नाताळचा फराळ स्टुटगार्टला: पुण्यातल्या एका फराळ-कुरिअर सेवेचे परीक्षण

पुण्यातून परदेशी फराळ पाठवणाऱ्या दुकानांविषयी जे काही लिहिले-बोलले जाते, ते बहुतेक दिवाळीपुरते असते. दसरा झाला की कोथरूडपासून कॅम्पापर्यंत ‘परदेशी फराळ पाठवा’ असे फलक लागतात आणि भाऊबीज झाली की ते उतरतात. आम्ही मराठी ख्रिस्ती आहोत. त्याच करंज्या, त्याच चकल्या आणि तीच शंकरपाळी आमच्या घरी डिसेंबरात होतात. मुलगी नोकरीसाठी जर्मनीत स्टुटगार्टला गेली आणि घराबाहेरचा तिचा पहिला नाताळ जवळ आला, तेव्हा दिवाळीसाठी उभी राहिलेली ही सेवा नाताळला कितपत कामाला येते, हे पाहण्याची वेळ आमच्यावर आली. दुकानाचे नाव मी मुद्दाम देत नाही. कर्वे रस्त्याच्या परिसरातले हे दुकान या धंद्यात जुने आहे, तिथली माणसे चांगली आहेत, आणि त्यांच्याविषयी माझी जी गाऱ्हाणी आहेत त्यांतली बरीचशी या साऱ्या धंद्याचीच आहेत.

‘जर्मनीत नाताळला काय तोटा?’ असे आम्हाला अनेकांनी विचारले, आणि वरवर पाहता प्रश्न रास्त होता. स्टुटगार्टच्या नाताळ-बाजाराची नोंद १६९२ पासून सापडते. नोव्हेंबरच्या अखेरीस गावाच्या मध्यभागी लाकडी टपऱ्या उभ्या राहतात, मसाला घातलेली गरम वाइन आणि भाजलेले बदाम यांचा वास सुटतो, आणि नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या चार रविवारी घरोघरी एकेक मेणबत्ती वाढत जाते. मुलीने पाठवलेली छायाचित्रे पाहून आम्हालाही वाटले होते की हिचा नाताळ आपल्यापेक्षा थाटाचा होणार. पण प्रत्यक्ष सणाच्या आदल्या दिवशी तिथला बाजार उठलेला असतो, २४ तारखेला दुपारनंतर दुकाने बंद होतात आणि २५ व २६ या दोन्ही दिवशी सार्वजनिक सुट्टी असते. ज्या रात्री कॅम्पात महात्मा गांधी रस्त्यावर पाऊल ठेवायला जागा मिळत नाही, त्या रात्री तिकडच्या रस्त्यांवर शुकशुकाट असतो, कारण तो सण दाराच्या आत, रक्ताच्या नात्यांत साजरा करायचा असतो. सहकारी आपापल्या आईवडिलांच्या गावी निघून जातात. दिवाळीला परदेशातली मराठी मंडळी हॉल घेतात, फराळ करतात, रांगोळ्या काढतात. नाताळात हीच मंडळी आठवड्याची सुट्टी मिळाली म्हणून फिरायला बाहेर पडतात. त्यामुळे मराठी ख्रिस्ती मुलीची अवस्था मोठी विचित्र होते. सण साऱ्या गावाचा असतो, तिच्या रजेच्या अर्जाचीही गरज नसते, आणि तरीही तो साजरा करायला तिच्याजवळ कोणी नसते.

फराळ पाठवायचा तो या कारणासाठी. आमच्याकडे नाताळचा फराळ मुख्यतः खाण्यासाठी नसतो, वाटण्यासाठी असतो. शेजारच्या घरांतून दिवाळीला आलेली ताटे आम्ही लक्षात ठेवतो आणि नाताळच्या सकाळी उपासनेहून आल्यावर त्या त्या घरी भरून पाठवतो. माझे सासर गुरुवार पेठेतले, पंचहौदाच्या पवित्र नाम देवालयाच्या उंच मनोऱ्याच्या सावलीतले. याच पंचहौद मिशनमध्ये १८९० साली घेतलेल्या चहावरून लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासह पुण्यातल्या अनेक प्रतिष्ठितांवर ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याची कारवाई, झाले होते आणि प्रायश्चित्ताचा वाद पुढे बराच काळ चालला होता. आता त्याच पेठेत आमच्या करंज्यांची ताटे वाड्यावाड्यांतून जातात आणि रिकामी परत येत नाहीत. ताटात निदान चिमूटभर साखर तरी असते. मुलीने फोनवर एवढेच सांगितले होते, ‘आई, मला खायला खूप नको, पण चार घरी देता येईल असे काहीतरी पाठव.’ सेवेची परीक्षा घेताना माझी कसोटी हीच होती.

दुकानात गेल्यावर पहिला चांगला अनुभव आला तो नकाराचा. काउंटरवरच्या तरुणाने वजनकाट्याकडे न पाहता आधी डब्यांकडे पाहिले आणि विचारले, ‘काकू, करंजीत सारण कशाचे आहे? खवा असेल तर युरोपला नको.’ हा प्रश्न विचारणारा माणूस मिळणे हीच या सेवेची खरी किंमत आहे, असे माझे मत आहे. युरोपीय संघाबाहेरून टपालाने किंवा सामानातून येणाऱ्या मांस आणि दुग्धजन्य पदार्थांना तिथे खासगी वापरासाठीही बंदी आहे. पाव, केक, बिस्किटे, चॉकलेट आणि मिठाई यांना, त्यांत मांसाचे सारण नसेल तर, सवलत आहे. पण पेढे, खव्याची बर्फी, तुपाची बरणी किंवा पनीर यांना ती नाही. ओल्या नारळाच्या करंज्या टिकणार नाहीत म्हणून त्याही वगळाव्या लागल्या. सुक्या खोबऱ्याचे, खसखस आणि पिठीसाखरेचे सारण असलेल्या करंज्या घेतल्या गेल्या. तुपात वळलेला बेसनाचा लाडू त्यांनी मिठाई म्हणून स्वीकारला. माझ्या जाऊबाईंनी घरी केलेल्या द्राक्षाच्या वाइनची एक बाटली मोठ्या हौसेने पिशवीत ठेवली होती, ती अर्थातच पिशवीतच राहिली, कारण हे दुकान मद्य आणि कोणताही पातळ पदार्थ घेत नाही. तेल सुटणाऱ्या लोणच्यालाही त्यांची ना आहे. दुसऱ्या एका ठिकाणी मी आधी चौकशी केली होती, तिथे मला ‘सगळे चालते, आम्ही बघून घेऊ’ असे उत्तर मिळाले होते. ज्या दुकानात सगळे चालते तिथे डबा देऊ नये, कारण अडवलेल्या मालाचे पुढे काय होते ते आपल्याला पाहायला मिळत नाही आणि बघून घेणाराही तिथे हजर नसतो.

बांधणीचे काम या दुकानात फार जाणतेपणाने होते, आणि त्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे. हवा काढून सीलबंद करण्याचे यंत्र आता अशा प्रत्येक दुकानात असते आणि गिऱ्हाइकांना त्याचे फार अप्रूप असते. प्रत्यक्षात ते यंत्र फराळातल्या निम्म्या जिनसांचे शत्रू आहे. हवा काढताना प्लास्टिक पदार्थाला चहूबाजूंनी आवळते. शंकरपाळी आणि कलकल (नाताळात करतात ती तळलेली गोड शिंपली) यांना त्याचे काही वाटत नाही, पण चकलीचे काटे मोडतात, करंजीचे पोट दबते आणि पातळ पोह्यांच्या चिवड्याचा चुरा होतो. इथल्या बांधणी करणाऱ्या मावशींना हे आधीच ठाऊक होते. चकल्या त्यांनी तोंडापर्यंत भरलेल्या कडक प्लास्टिकच्या बरण्यांत घातल्या आणि झाकणाखाली राहिलेल्या जागेत बटर पेपरचा बोळा दाबून बसवला, कारण बरणीत हलायला जागा राहिली की प्रवासात चकल्या एकमेकींनाच फोडतात. करंज्या आडव्या न ठेवता कडेवर उभ्या, एकमेकींना टेकवून लावल्या. खरी परीक्षा गुलाब कुकीजची होती. लोखंडी फुलाचा साचा गरम तेलात तापवून पातळ पिठात बुडवायचा आणि पुन्हा तेलात धरायचा, की पीठ साच्यावरून सुटून फूल तरंगू लागते. हा पदार्थ इतका नाजूक असतो की आमच्याकडे तो लहान मुलांच्या हाती ताटातसुद्धा देत नाहीत. मावशींनी ती फुले पत्र्याच्या गोल डब्यात एकावर एक रचली, प्रत्येक दोन फुलांत बटर पेपरची चकती ठेवली आणि मधल्या पोकळीत कागदाची सुरळी उभी केली. त्यांनी यापूर्वी कधीही गुलाब कुकीज बांधल्या नव्हत्या. ‘दिवाळीत असले काही येत नाही,’ असे म्हणत त्यांनी एक फूल हातात फिरवून पाहिले, मी दिले तेव्हा खाल्ले, आणि मगच रचना ठरवली.

आमच्या कसोटीच्या दृष्टीने सर्वांत उपयोगी ठरली ती छोट्या पाकिटांची सोय. लाडू, शंकरपाळी आणि कलकल यांची पाव पाव किलोची वेगवेगळी पाकिटे करून देण्याबद्दल दुकान किरकोळ जादा आकार घेते. मोठ्या डब्यातून काढून वाटण्यापेक्षा ही तयार पाकिटे मुलीला देण्याघेण्यास सोपी पडली. प्रत्येक पाकिटावर घटकपदार्थ इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी लावून मिळते; त्यात गहू, शेंगदाणे, काजू, तीळ, अंडे असे ॲलर्जीचे घटक ठळक लिहिले असतील तर परक्या माणसाला खाऊ देताना संकोच राहत नाही. ही चिठ्ठी मागावी लागते, आपण होऊन कोणी लावत नाही.

एक विनोदही नोंदवते. सगळे सामान पाच पदरी खोक्यात भरून झाल्यावर पाहिले, तर खोक्यावर चारी बाजूंनी पणत्या, आकाशकंदील आणि ‘शुभ दीपावली’ छापलेले होते. साधा खोका मागितला तेव्हा तो मिळाला, पण तो शोधायला माळ्यावर जावे लागले. मला पणत्यांचे वावडे नाही, आमच्या दारातही नाताळचा तारा लागण्याआधी शेजाऱ्यांचा कंदील महिनाभर उजेड देत असतो. पण नोव्हेंबर-डिसेंबरात येणारे गिऱ्हाईकही गिऱ्हाईकच आहे, ही जाणीव या दुकानाला अजून व्हायची आहे. दिवाळीची सवलत भाऊबीजेला संपते, नाताळची सवलत नसते. कारण विचारले तर ‘नाताळला पाठवणारे फार नसतात’ असे उत्तर येते. नगरपासून वडगाव शेरीपर्यंत पसरलेल्या आमच्या नातेवाइकांतच अशी अनेक घरे आहेत ज्यांची मुले परदेशी आहेत. नगरला अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ साली सुरू झाले आणि पुण्यात नाना पेठेतल्या सिटी चर्चला सवाई माधवराव पेशव्यांच्या काळात, १७९२ साली, जागा मिळाली. तेव्हा हे गिऱ्हाईक काही काल-परवा उगवलेले नाही.

आता खर्चाकडे येते. दर येथे देण्यात अर्थ नाही, कारण इंधन-अधिभारामुळे ते सतत बदलतात. फराळाच्या किमतीच्या कितीतरी पट भाडे होते, एवढे धरून चालावे. पण आकारणीची रीत समजून घेतली तर बरेच पैसे वाचतात. कुरिअर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचे वजन यांपैकी जे अधिक भरेल त्याचे भाडे घेतात. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून तिन्हींचा गुणाकार करायचा आणि त्याला ५००० ने भागायचे, की किलोग्रॅममध्ये आकारमानाचे वजन निघते. ४० × ३० × ३० सेंटिमीटरच्या खोक्याचे असे वजन ७.२ किलो होते. आत पाच किलोचाच माल असला तरी पैसे ७.२ किलोचे, आणि तेही वरच्या टप्प्याला पूर्ण करून. म्हणजे चिवडा, चकली, गुलाब कुकीज या हलक्या आणि फुगीर जिनसा सर्वांत महाग पडतात, आणि केक, लाडू, शंकरपाळी या जड आणि ठोस जिनसा त्या मानाने स्वस्त. काउंटरवरच्या तरुणाने हे मला तोंडी सांगितले आणि चिवड्याची एक बरणी काढून त्या जागी फळांचा केक बसवायला सुचवले, त्यात दुकानाचा काहीच फायदा नव्हता. हा सल्ला मला फार आवडला.

केकविषयी घरात मतभेद होते. जर्मनीत ड्रेस्डेनचा सुक्या फळांचा श्टोलेन प्रसिद्ध असताना पुण्याचा केक तिकडे पाठवणे वेडेपणाचे आहे, असे एका पक्षाचे म्हणणे होते. मी दुसऱ्या पक्षात होते. श्टोलेन यीस्टच्या पिठाचा, वरून साखरेने माखलेला आणि बराचसा पावासारखा असतो. जळवलेल्या साखरेचा काळसर रंग आणि बेकरीच्या भट्टीचा किंचित धुरकट वास हे आमच्या केकचे गुण त्याच्यात नसतात. ज्यांना घरी केक करणे जमत नाही त्यांनी कॅम्पातल्या एखाद्या जुन्या बेकरीचा सुक्या फळांचा केक घ्यावा. बिस्किटेच पाठवायची असतील तर १९५५ पासून चालू असलेल्या कयानी बेकरीची श्रूसबेरी बिस्किटे पुण्याची ओळख म्हणून उत्तम, आणि बिस्किटे सवलतीच्या यादीत असल्यामुळे निर्धोकही आहेत. मात्र ती भुसभुशीत असल्याने मूळ खोक्यासकट कडक डब्यात घालावी लागतात. मावा केक मी टाळला. केक म्हणून तो चालतही असेल, पण मावा हा शब्द सीमाशुल्काच्या घोषणापत्रात लिहायची माझी तयारी नव्हती.

कागदपत्रांत या दुकानाचे काम कमी पडले. पाठवणाऱ्याच्या आधार कार्डाची प्रत, पत्ता, प्रत्येक जिनसेचे वजन आणि मूल्य दाखवणारी यादी, एवढे लागते. खासगी व्यक्तीने खासगी व्यक्तीला भेट म्हणून पाठवलेल्या पार्सलवर, त्याचे मूल्य ४५ युरोपर्यंत असेल तर, जर्मनीत सीमाशुल्क किंवा आयातीवरचा कर लागत नाही. व्यापारी मालाला २२ युरोपर्यंत जी करमाफी होती ती १ जुलै २०२१ पासून बंद झाली आहे. म्हणून पावतीवर पाठवणारा म्हणून आपले नाव आहे की दुकानाचे, हे काउंटर सोडण्याआधी स्वतः वाचून पाहावे. दुकानाचे नाव गेले तर भेटवस्तूचे पार्सल व्यापारी ठरण्याचा धोका असतो. आमच्या पावतीवर नाव बरोबर होते, पण घेणाऱ्याच्या दूरध्वनीच्या रकान्यात कारकुनाने मुलीचा जर्मन क्रमांक लिहिण्याऐवजी माझाच पुण्याचा क्रमांक दोनदा लिहिला होता. परिणामी तिकडच्या सीमाशुल्कासंबंधीचा चौकशीचा निरोप मला आला, तोही इथे मध्यरात्र उलटल्यावर. शिवाय यादीत ‘घरगुती खाद्यपदार्थ’ एवढेच मोघम लिहिलेले असल्यामुळे त्यांना नेमका पदार्थ कळेना. सकाळी दुकान उघडताच मी गेले. मालकांनी कोणताही वाद न घालता नवी यादी तयार केली, तीत प्रत्येक जिनसेपुढे ‘गव्हाचे पीठ, साखर, तेल’ असे लिहिले आणि ती पुढे पाठवली. चूक सुधारण्याची त्यांची तत्परता वाखाणण्याजोगी आहे. पण दिवाळीत शेकडो खोके हाताळणाऱ्या दुकानाकडे जिनसांच्या इंग्रजी वर्णनाची छापील यादी तयार असू नये, हे पटत नाही. विम्याचाही फारसा उपयोग नाही: त्यांच्या अटींनुसार खोका हरवला तर भरपाई मिळते, खाद्यपदार्थ मोडले किंवा खराब झाले तर मिळत नाही.

माझे सर्वांत मोठे गाऱ्हाणे वेळेच्या सल्ल्याविषयी आहे, आणि याच जागी दिवाळीचा अनुभव नाताळला लागू पडत नाही. दिवाळीचा फराळ ज्या आठवड्यांत जातो त्या आठवड्यांत जगाच्या इतर भागांत विशेष काही चाललेले नसते. विमाने, गोदामे आणि पोचवणारी माणसे मोकळी असतात, म्हणून पुण्याचा खोका अगदी थोड्या दिवसांत युरोपातल्या दारात उभा राहतो. नाताळचा फराळ मात्र वर्षातल्या सर्वांत मोठ्या गर्दीत शिरतो. साऱ्या युरोप-अमेरिकेची खरेदी आणि भेटवस्तू त्याच पंधरवड्यात त्याच गोदामांतून जात असतात, कंपन्या हंगामी अधिभार लावतात, आणि नाताळापूर्वी न पोचलेले पार्सल सुट्ट्या संपेपर्यंत कुठेतरी पडून राहते. दुकानात मात्र मला दिवाळीचाच हिशेब सांगितला गेला: ‘काकू, १५ डिसेंबरला आणा, आठवड्याच्या आत पोचेल.’ मी तो मानला नाही, कारण मुलीने तिथल्या टपालाच्या रांगांचे वर्णन आधीच केले होते. नगरच्या माझ्या माहेरी नाताळचा फराळ डिसेंबरच्या मध्यावर सुरू होतो. आम्ही तो नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात उरकला आणि आगमनकाळाच्या पहिल्या रविवारच्या सुमारास खोका दुकानात दिला. चौकशीत वेळ जाऊनही तो तिसऱ्या रविवारच्या आधी पोचला. त्याच दुकानात १५ तारखेच्या सुमारास खोका दिलेल्या आमच्या चर्चमधल्या एका कुटुंबाचा फराळ नाताळानंतर पोचला. फराळ खराब झाला नाही, पण वाटायचा दिवस निघून गेला होता.

ज्यांना घाई नाही त्यांच्यासाठी टपाल खात्याचा पर्याय आहेच. साधू वासवानी चौकाजवळच्या मुख्य टपाल कार्यालयात परदेशी स्पीड पोस्टचे पार्सल घेतले जाते आणि भाडे सामान्यतः खासगी कुरिअरपेक्षा कमी पडते. तिथे घोषणापत्र आपल्यालाच भरावे लागते, बांधणी आपली आपण करून न्यावी लागते, आणि खव्याविषयी विचारणारा कोणी असेलच असे नाही. हलका, फुगीर फराळ पाठवायचा असेल आणि हाताशी महिना असेल तर मी टपालाकडे वळेन. सगळे नीट समजावून घ्यायचे असेल, पहिलीच वेळ असेल, आणि बांधणीचे कसब घरात नसेल, तर हे दुकान बरे.

खोका मुलीने आमच्यासमोर, व्हिडिओ कॉलवर उघडला. चकल्यांपैकी मोजक्या मोडल्या होत्या, करंज्यांपैकी एकीचे सारण सांडले होते, लाडू जसेच्या तसे होते. गुलाब कुकीजच्या डब्यातला वरचा थर चुरडला होता, कारण झाकणाखालचा बोळा पुरेसा जाड नव्हता; खालचे थर मात्र आश्चर्य वाटावे इतके सुस्थितीत होते. चिवडा थोडा मऊ पडला होता, तो तिने तव्यावर परतून घेतला. पाव किलोची पाकिटे तिने इमारतीतल्या चार दारांशी नेली. तळमजल्यावरच्या एका वृद्ध बाईंनी शंकरपाळी घेतली आणि दुसऱ्या दिवशी त्याच पाकिटात स्वतः भाजलेली दालचिनीची चांदण्यांच्या आकाराची बिस्किटे भरून परत केली. पाकीट रिकामे परत करायचे नाही हे त्यांना कोणी शिकवलेले नव्हते. २४ तारखेला इथे मध्यरात्रीची उपासना सुरू झाली तेव्हा तिथे संध्याकाळचे साडेसात वाजले होते. मुलगी तासभर फोनवर आमच्याबरोबर बसली होती, समोर फराळाचे ताट होते आणि त्या बाईही तिच्या शेजारी येऊन बसल्या होत्या.

एकूण, बांधणीला मी पूर्ण गुण देईन आणि नियमांच्या माहितीला जवळजवळ पूर्ण. कागदपत्रांना काठावर पास करीन. वेळेच्या सल्ल्याला नाताळपुरते नापास करते, दिवाळीपुरते नाही. पुढच्या वेळीही मी याच दुकानात जाईन, पण तारीख माझी मी ठरवीन आणि जिनसांची इंग्रजी यादी घरूनच छापून नेईन. रविवारी दुकान बंद असते आणि शनिवारी संध्याकाळी फार गर्दी होते, म्हणून आठवड्यातल्या मधल्या एखाद्या दिवशी सकाळी जावे. तेव्हा मावशींना बांधणीसाठी वेळ मिळतो आणि आपल्याला शेजारी उभे राहून पाहता येते.

जर्मनीला पाठवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी, जी दुकानात कोणी सांगितली नाही. तिथे पत्त्यात बहुधा सदनिकेचा क्रमांक नसतो. पार्सल आणणारा दारावरच्या घंटीजवळचे नाव पाहून घर शोधतो. मुले भाड्याच्या खोलीत राहत असतील आणि घंटीवर घरमालकाचे किंवा आधीच्या भाडेकरूचे नाव असेल, तर पार्सल माघारी जाऊ शकते. म्हणून घंटीवर जे नाव लिहिलेले असेल ते मुलांना विचारून घ्यावे आणि त्यांच्या नावाखाली, पत्त्याच्या दुसऱ्या ओळीत, ते नाव लिहावे.